प्लांटवर रुजू होण्यापूर्वी

मुलुंड, मुंबई

चि. सईस,
अनेक आशीर्वाद.

सोमवारी सैन्याची रॉकेटं बनवणाऱ्या नाशिकच्या प्लांटवर रुजू होतेस. पवईला नॉझलची गणितं भरपूर झाली. आता पहिली काही वर्षं तुझी गाठ पडेल ती चिकटण्याशी. उष्णता अडवणाऱ्या इन्सुलेशनने बाहेरच्या केसिंगला धरलंय का, लायनरने (मधल्या चिकट थराने) इन्सुलेशनला, प्रोपेलंटने (घन इंधनाने) लायनरला? घन इंधनाची मोटर, म्हणजे रॉकेटचं इंजिन, एकदा पेटली की विझवता येत नाही, त्यामुळे पाहायचं ते सगळं आधीच.

सैन्याच्या रॉकेटचं दुखणं अंतराळाच्या रॉकेटपेक्षा वेगळं. ते वर्षानुवर्षं डेपोत पडून राहतं, ट्रकमध्ये हादरे खातं, राजस्थानात तापतं, लडाखला गारठतं, आणि हुकूम आला की सुटायलाच हवं. प्रोपेलंट साधारण 60 अंशांना क्युअर होतं, म्हणजे घट्ट होतं. मोटर उणे 40 पर्यंत गेली की 100 अंशांचा फरक पडतो, आणि हे रबरी मिश्रण पोलादाच्या जवळपास दहापट आकसतं. बाहेरून केसिंग त्याला सोडत नाही. मग ताण येतो दोन जागी: मधल्या पोकळीच्या पृष्ठभागावर, तिथे तडा जातो, आणि ग्रेनच्या (इंधनाच्या घट्ट ठोकळ्याच्या) टोकांना, तिथे लायनर सुटतो. टोकांना सैल फ्लॅप ठेवतात तो याचसाठी. ड्रॉइंगमध्ये तो किरकोळ वाटतो, पण तपासायला लागलीस की पहिल्यांदा तिथेच बघ.

तड्याला घाबरायचं कारण गणितात आहे. दाबाचा घातांक, म्हणजे दाबाबरोबर ज्वलनाचा वेग किती वाढतो तो आकडा, 0.4 असेल, तर जळणारा पृष्ठभाग 10 टक्के वाढला की दाब सुमारे 17 टक्के चढतो. तडा म्हणजे फुकटचा पृष्ठभाग. एक्स-रेत इंधनातली हवेची पोकळी सहज दिसते, पण समोरून किरण घेतले तर मिटलेला डीबॉन्ड, म्हणजे सुटूनही फट न दिसणारा जोड, दिसत नाही. कडेच्या स्पर्शरेषेत शॉट मागून घे, वेळ लागला तरी. "फिल्म क्लिअर आहे" एवढ्यावर सही करू नकोस.

आता एकसारखेपणा. पिनाका या आपल्या सैन्याच्या रॉकेट यंत्रणेचा एक लाँचर 44 सेकंदांत 12 रॉकेट सोडतो. बाराही सारखी जळली नाहीत, तर मारा विखुरणारच. ज्वलनाचा वेग सर्वांत जास्त हलतो तो इंधनाला ऑक्सिजन पुरवणाऱ्या अमोनियम परक्लोरेटच्या जाड-बारीक कणांच्या प्रमाणाने. नवा लॉट आला की जुनं प्रमाण डोळे मिटून वापरायचं नाही. आधी छोट्या पट्ट्या जाळून वेग मोजायचा. त्याच बॅचचे ओढून तोडायचे नमुनेही जपून ठेव, पाच वर्षांनी इंधनाचं म्हातारपण कळतं ते त्यांच्यावरून.

पावसाळा हा या धंद्याचा खरा शत्रू. मुंबईत मिठाच्या बरणीचं जे होतं, तेच परक्लोरेटचं होतं. शिवाय, पाणी आयसोसायनेटशी, म्हणजे मिश्रण घट्ट करणाऱ्या रसायनाशी, भिडलं की कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि ग्रेनमध्ये बुडबुडे राहतात. म्हणून कोणी सांगेल, हवा जितकी कोरडी तितकी चांगली. साफ चूक. फार कोरड्या हवेत स्टॅटिक, म्हणजे ठिणगी पाडणारी स्थिर वीज, साचते, आणि इंधनातल्या बारीक ॲल्युमिनियमजवळ ती नको. आर्द्रतेला खालची मर्यादाही असते. वरचीच पाहणारे बरेच आहेत. ब्राझीलमध्ये अल्कांताराला 2003 साली लाँचपॅडवरच एक मोटर अवेळी पेटली, 21 माणसं गेली. त्यामुळे अर्थिंगची नोंद रोज स्वतः वाच. मिक्सिंग चालू असताना इमारतीत कोणी नको, तूसुद्धा नाही.

फोन गेटवर जमा होईल. कामाबद्दल कुठेही लिहायचं नाही, मैत्रिणींच्या ग्रुपवरही नाही. 1923 चा गोपनीयता कायदा एकदा नीट वाच. नोकरी बदलताना बायोडेटा रिकामा दिसेल, त्याची तयारी ठेव. आतमध्ये सिंथेटिक चालत नाही, सुती कपडे दादरहून घेऊन पाठवते.

आणि मेडिकलला तुझी लहानपणीची धाप सांग, लपवू नकोस. क्युअरिंगला टीडीआय हे आयसोसायनेट वापरत असतील, तर त्याची वाफ श्वसनाला वाईट, आणि एकदा ॲलर्जी बसली की अगदी थोड्या वासानेही दम लागतो. इंधन ओतायच्या कास्टिंगऐवजी टेस्टिंग मागितलंस तर कोणी कमी लेखणार नाही.

तुझी,
आई