नाव क्लासचं की ऑब्जेक्टचं? एक आभारपत्र

प्रिय ताई,

स. न. वि. वि.

हे पत्र मुद्दामच सगळ्यांसमोर लिहितोय. कोड लिहिताना माहीत नसलेली नावं क्लासला नंतर कशी जोडायची, ही अडचण पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेत काम करणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी येते, आणि तुमचं उत्तर माझ्या इनबॉक्समध्ये पडून राहावं असं वाटत नाही.

माझं काम साधं होतं. वेगवेगळ्या यंत्रांच्या सीएसव्ही (स्वल्पविरामाने कॉलम वेगळे केलेल्या) फाइली वाचायच्या आणि त्यातले कॉलम क्लासचे, म्हणजे ऑब्जेक्ट बनवायच्या साच्याचे, अ‍ॅट्रिब्यूट (डॉट लावून वाचायची नावं) करायचे. एका फाइलीत तापमान आणि दाब, दुसरीत आर्द्रता. कोड लिहिताना नावंच माहीत नाहीत. 'सेटअ‍ॅट्र वापर' (नाव आणि किंमत देऊन अ‍ॅट्रिब्यूट लावणारं फंक्शन) हे उत्तर कुणीही देतं. तुम्ही मात्र आधी विचारलंत, "ही नावं क्लासची की प्रत्येक ऑब्जेक्टची?" मला तेव्हा वाटलं, ताई उगाच फाटे फोडताहेत. सगळी मेख तिथेच होती.

कारण मला नुसता आकडा साठवायचा नव्हता. फाइलीत फॅरनहाइट, मागितल्यावर मिळायला हवं सेल्सिअस, म्हणजे प्रॉपर्टी (वाचताना फंक्शन चालवून किंमत देणारा अ‍ॅट्रिब्यूट) आली. ती ऑब्जेक्टवर लावली तर आकडा मिळतच नाही, प्रॉपर्टीच जशीच्या तशी हातात येते. हे तुम्ही चार ओळींत चालवून दाखवलंत. प्रॉपर्टी क्लासवर सापडली तरच पायथॉन तिच्यातलं फंक्शन चालवतो. तीच क्लासवर लावली की आधी तयार झालेल्या ऑब्जेक्टनाही लगेच दिसते, कारण नावाचा शोध ते वापरताना घेतला जातो, ऑब्जेक्ट बनताना नाही. ही एक गोष्ट कळली आणि निम्मा गुंता सुटला.

दुसरा सापळा तर मी त्यात पडायच्या आधीच तुम्ही दाखवलात. लूपमध्ये लॅम्डा (बिननावाचं छोटं फंक्शन) लिहून एकेका कॉलमची प्रॉपर्टी बनवली की सगळ्या प्रॉपर्टी शेवटच्याच कॉलमची किंमत देतात! लॅम्डा नावाची किंमत धरून ठेवत नाही, चालवताना पाहते, आणि तोवर लूप संपलेला असतो. म्हणून प्रॉपर्टी बनवणारं वेगळं फंक्शन लिहायचं आणि कॉलमचं नाव त्याला द्यायचं. असल्या चुकीत एरर येत नाही, नुसते आकडे चुकतात. त्यामुळे या एका सूचनेचं मोल मला फार वाटतं.

मग क्लासच चालू प्रोग्रॅममध्ये घडवायचा मार्ग सांगितलात: 'टाइप'ला नाव, पालक क्लासचं टपल (न बदलणारी यादी) आणि अ‍ॅट्रिब्यूटची डिक्शनरी (नाव-किंमत जोड्या) द्यायची. वर एक बारकावाही. स्वतःचा डिस्क्रिप्टर (प्रॉपर्टीसारखं, अ‍ॅट्रिब्यूटचं वाचणं-लिहिणं हाताळणारं ऑब्जेक्ट) असेल तर पायथॉनच्या ३.६ आवृत्तीपासून आलेलं 'सेट नेम' (डिस्क्रिप्टरला त्याचं नाव कळवणारं फंक्शन) क्लास घडतानाच आपोआप चालतं. नंतर सेटअ‍ॅट्रने डिस्क्रिप्टर लावला तर ते आपणच बोलवायचं.

नावांची तपासणी करायलाही तुम्हीच लावलंत. मधे स्पेस असलेलं नावही सेटअ‍ॅट्र निमूटपणे घेतं, पण मग डॉट लावून ते वाचता येत नाही. आणि कॉलमचं नाव 'सेव्ह' निघालं तर आपलीच त्या नावाची मेथड गायब. आता क्लास बनायच्या आधी दोन्ही तपासतो.

शेवटी म्हणालात, "नुसती किंमत हवी असेल तर डिक्शनरी पुरे, क्लास कशाला?" दोन यंत्रांच्या बाबतीत ते तंतोतंत पटलं आणि तिथला सगळा कोड काढून टाकला. एडिटर अजून या अ‍ॅट्रिब्यूटखाली लाल रेघा मारतो. मारू दे बिचारा, त्याला ही नावं कळणार कुठून?

आता मेमरी वाचवायला स्लॉट्स (ऑब्जेक्टची नावं आधीच ठरवून त्याची डिक्शनरी टाळणारी सोय) लावायचा विचार आहे. पण पालक क्लासला स्लॉट्स नसतील तर ऑब्जेक्टबरोबर डिक्शनरी येतेच, म्हणून आधी तो सुधारायला घेतलाय. झालं की कोड पाठवतो. सवडीने पाहा.

मनापासून आभार.

तुमचा,
सीएसव्हीवाला