गुरुजी, त्या ‘ततो’साठी आभार

ती. स्व. गुरुजी यांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं घर पन्नास पावलांवर असताना पत्र, तेही सगळ्यांनी वाचावं असं, कशाला? तर भांडण मी चारचौघांत केलं होतं, मग आभार तेवढे आडोशाला का मानायचे?

३ जून २०२० च्या निसर्ग वादळाने आपल्या दिवेआगरात पोफळी आडव्या केल्या, त्यात आमचा चिऱ्यांचा गडगाही, म्हणजे हद्दीची भिंतही गेली. चुलतभावाने नवा घातला तो दीड हात माझ्या आगरात. (त्याच्या मते जुनाच वाकडा होता.) मग मोजणी, नोटिसा, कोर्ट. मूळ घरच्या गणपतीला आम्ही पडवीच्या दोन टोकांना उभे राहायचो आणि ‘घालीन लोटांगण’ला गिरकी घेतानाही नजरानजर होणार नाही इतपत सांभाळायचो.

त्या दिवसांत मला गीता फार आवडायला लागली होती. म्हणजे सोयीची तेवढी. कौरवही चुलतभाऊच होते, हे तुमच्या ओटीवर मी कितीदा ऐकवलं असेल! टिळकांनाही साक्षीला काढायचो. जानेवारी १९२० मध्ये त्यांनी गांधीजींच्या ‘यंग इंडिया’ला कळवलं होतं की अक्रोधाने क्रोध जिंकण्याच्या बुद्धवचनापेक्षा गीतेतलं ‘ये यथा मां प्रपद्यन्ते’ (जे मला जसे भजतात, त्यांना मी तसाच भजतो) आपल्याला जवळचं वाटतं. त्यावर गांधीजींनी ‘शठं प्रत्यपि सत्यम्’, म्हणजे लबाडाशीही सत्यानेच वागावं, असं उत्तर दिलं होतं, हे मला तुमच्याकडूनच कळलं. दोघेही गीतेवरच उभे!

तुम्ही अडकित्त्याने रोठा सुपारी कातरत ऐकून घ्यायचात. ‘जाऊ दे रे’ असं एकदाही म्हणाला नाहीत, हे खरे उपकार. तसं म्हणणारे डझनभर होते आणि त्यांच्यातल्या कोणाचाही दीड हात गेला नव्हता.

एका संध्याकाळी तुम्ही पोथी माझ्यापुढे सरकवलीत. दुसरा अध्याय, अडतिसावा श्लोक. मी जोरात म्हटलं, “ततो युद्धाय युज्यस्व!” तुम्ही सुपारीचा चुरा लागलेलं बोट ‘ततो’वर टेकवलंत. “ततो म्हणजे त्यानंतर. कशानंतर? वरची ओळ वाच.”

सुखदुःखे समे कृत्वा लाभालाभौ जयाजयौ.

“झालं का तुझं समान? दीड हात आला काय नि गेला काय? झालं असेल तर जा खुशाल कोर्टात. नसेल, तर हा श्लोक अजून तुझा नाही.”

पान उलटत तुम्ही अकराव्या अध्यायाच्या शेवटाला नेलंत. ‘निर्वैरः सर्वभूतेषु’. लढ म्हणणारा तोच, कोणाशी वैर नसलेलाच मला येऊन मिळतो म्हणणाराही तोच. बाण सोडायचा आणि वैर धरायचं नाही, हे जमायचं कसं, असं मी चिडूनच विचारलं. तुम्ही अडकित्ता खाली ठेवलात. “मलाही ते पुरतं सुटलेलं नाही.” जन्मभर पोथी वाचणाऱ्याने हे सांगावं! उत्तर मिळालं असतं तर मी त्याच्याशीही वाद घातला असता.

उठताना म्हणालात, “कृष्ण ‘विनाशाय च दुष्कृताम्’ म्हणतो. त्याच गीतेवर टीका लिहून झाल्यावर ज्ञानदेव काय मागतात? खळांची व्यंकटी सांडो. खळ नव्हे, व्यंकटी, म्हणजे त्यांचा वाकडेपणा.” पसायदान शाळेपासून तोंडपाठ, पण हा फरक कधी कानातून आत गेला नव्हता.

दावा चालू आहे. उघड सांगतो, नाहीतर लोकांना वाटायचं दोघे गळ्यात गळे घालून रडले. पण मागच्या तारखेला श्रीवर्धनच्या एसटीत तो आधीच बसलेला, शेजारची जागा मोकळी. मी बसलो. बोरलीपर्यंत गप्प. पुढे पोफळीवरच्या कोळेरोगाचा विषय निघाला. तिकीट त्याने काढलं, दोघांचं. परतीचं मी काढणार होतो, पण त्याला वकिलाकडे थांबावं लागलं, त्यामुळे तेवढं देणं अजून माझ्याकडे आहे.

यंदाचे रोठे वाळले की पिशवीभर घेऊन येतो. गडग्याला लागून असलेल्या पोफळींचे आहेत. कोणाच्या बाजूच्या, ते मात्र विचारू नका.

आपला,
गडग्याअलीकडचा