‘बाय’च्या पुढं कोण?

उद्यमबाग, बेळगाव
रविवार, दुपार

प्रिय दोस्ता,

तुझा व्हॉइस मेसेज दोनदा ऐकला. शिनोळीच्या कारखान्यांत लागलेल्या पोरांना तू संध्याकाळी इंग्रजी शिकवतोस हे ऐकून आधी हसलो, खोटं कशाला सांगू. पॅसिव्ह व्हॉइसच्या तासाला बाकाखाली चिंचा खाणारे आपण दोघं! आणि आता तूच विचारतोस, ‘लेका, तू कारखान्यात डिस्पॅचला, म्हणजे माल पाठवायच्या टेबलावर बसून रोज इंग्रजी मेल लिहितोस, तुला हे कुठनं आलं? पोरं मँगोच्या पुढं सरकेनात.’ हे फोनवर सांगण्यासारखं नाही, म्हणून जुन्या रजिस्टरची कोरी पानं काढून बसलोय. लांबेल, चहा घेऊन बस.

राम ईट्स अ मँगो. अ मँगो इज ईटन बाय राम. सरांनी फळ्यावर दोन तिरपे बाण काढलेले मला अजून दिसतात. कर्म पुढं, कर्ता मागं, मध्ये इज नाहीतर वॉज, क्रियापदाचं तिसरं रूप, शेवटी बाय. आपण ते पाढ्यासारखं घोकलं आणि मार्कही पडले. पण आंब्याला पुढं आणायचं कशाला, हे ना सरांनी सांगितलं ना आपण विचारलं. घरात आंबा संपला की ‘कुणी खाल्ला’ हाच प्रश्न असतो. तिथं रामाला शेपटाला बांधून काय मिळणार? माझं स्पष्ट मत आहे, त्या आंब्यानंच आपलं नुकसान केलं.

मला ते उलगडलं खडे बाजारातल्या एका कापड दुकानाच्या बिलावर. खाली बारीक अक्षरात छापलेलं असतंय बघ, ‘गुड्स वन्स सोल्ड विल नॉट बी टेकन बॅक’. लहानपणापासून वाचतोय. एकदा बायकोचं लुगडं बदलायला गेलो आणि त्या ओळीवर बोट ठेवून मालक गप्प उभा राहिला, तेव्हा डोक्यात उजेड पडला. माल परत कोण घेणार नाही? तोच, समोर उभा असलेला. पण वाक्यात तो कुठंच नाही. ‘मी परत घेणार नाही’ असं लिहिलं असतं तर गिऱ्हाईक भांडलं असतं. इथं भांडायचं कुणाशी, त्या ओळीशी? पोरांना पहिला तास ह्याच वाक्यावर घे. प्रत्येकाच्या घरात असलं एक बिल सापडेल.

दुसरा तास एलआरवर, म्हणजे आपल्या बिल्टीवर, ट्रान्सपोर्टवाला माल घेतल्याची जी पावती देतो तिच्यावर. भाड्याच्या रकान्यात तीनच गोष्टी असतात : पेड, टू पे आणि टीबीबी. पाठवणाऱ्यानं भाडं आधीच भरलं तर पेड, माल उतरवून घेणाऱ्यानं द्यायचं तर टू पे, आणि महिन्याच्या खात्यावर धरायचं तर टीबीबी. ह्या टीबीबीवर मी सहा वर्षं टिकमार्क करत होतो आणि तो कुठला तरी शिक्का आहे असं समजत होतो. टू बी बिल्ड! बिल व्हायचंय, अजून झालं नाही. हमालापासून मालकापर्यंत सगळे दिवसातनं वीसदा पॅसिव्ह बोलतात आणि कुणाला पत्ता नाही.

काळ शिकवायला मात्र व्याकरणाचं पुस्तक उघडूच नको, डिस्पॅच रजिस्टर उघड. आमच्याकडं एका कास्टिंगचा, म्हणजे ओतीव भागाचा प्रवास असा : ऑर्डर आली, ‘इज रिसीव्ह्ड’. फेटलिंग म्हणजे घासूनपुसून सफाई होऊन पेट्यांत भरणं चाललंय, ‘इज बीइंग पॅक्ड’. गाडीत चढलं, ‘हॅज बीन लोडेड’. काल निपाणीच्या पुढं गाडी अडवली होती, ‘वॉज हेल्ड अप’. उद्या पुण्याजवळ चाकणला उतरेल, ‘विल बी डिलिव्हर्ड’. आणि माणूस हुशार असेल तर एक वाक्य आगाऊ लिहून ठेवतो, ‘शुड हॅव बीन डिलिव्हर्ड बाय नाऊ’, एव्हाना पोचवायला हवा होता. रजिस्टरच्या ह्या पाचही खणांत नायक एकच, माल. कुणी भरला, कुणी चढवला, ड्रायव्हर कोण, ह्याच्याशी चाकणच्या स्टोअरवाल्याला देणंघेणं नाही. त्याला त्याचा माल कुठंय ते हवंय. म्हणून इथं पॅसिव्ह शोभतो. आंब्याला जे जमलं नाही ते पेटीला जमतं.

ई-वे बिल, म्हणजे मालाच्या गाडीबरोबर लागणारा जीएसटीचा ऑनलाइन कागद, तो पण वर्गात घेऊन जा. १ एप्रिल २०१८ पासून एका राज्यातनं दुसऱ्या राज्यात ५०,००० रुपयांवरचा माल न्यायचा म्हणजे ते लागतंच. आता दर २०० किलोमीटरला एक दिवस धरतात, म्हणजे बेळगाव-पुणे साधारण ३४० किलोमीटरला दोन दिवस. भाग अ मध्ये मालाची माहिती, भाग ब मध्ये गाडीचा नंबर. गाडी वाटेत बंद पडून माल दुसरीत घातला की भाग ब बदलावा लागतो. ‘द गुड्स वेअर ट्रान्सशिप्ड अँड पार्ट बी हॅज बीन अपडेटेड.’ एका वाक्यात दोन काळ, आणि चुकलं तर दंड. परीक्षेत मार्क जातात त्यापेक्षा ही भीती पोरांना लवकर कळेल.

आता आपल्या पोरांची ठरलेली चूक. ‘द व्हेईकल वॉज रीच्ड.’ मी स्वतः हे दोन वर्षं लिहीत होतो, वर ‘सेफली’ जोडून. चाकणच्या एका पर्चेसवाल्या बाईंनी एकदा फोनवर हसत हसत सुधारलं, ‘दादा, गाडी पोचली, तिला कुणी पोचवली नाही.’ त्या एका वाक्यात मला सगळं व्याकरण मिळालं. मराठीत जोड्या आहेत बघ : पोचणे-पोचवणे, अडणे-अडवणे, सुटणे-सोडणे, फुटणे-फोडणे. डावीकडचं आपोआप होतं, उजवीकडच्याला करणारा लागतो. करणारा लागतो तिथंच पॅसिव्ह होतो, कारण लपवायला आधी कुणीतरी असावं लागतं. पोचवला, तर डिलिव्हर्ड, ‘वॉज डिलिव्हर्ड’ चालेल. पोचली, तर रीच्ड नाहीतर अराइव्ह्ड, त्याला वॉज लावायचा नाही. इंग्रजीत ‘ब्रेक’सारखा एकच शब्द दोन्हीकडं चालतो ती गोष्ट निराळी, ती दुसऱ्या महिन्यात सांग.

एक गंमत आणखी. मी माल पाठवला, मी पेटी पाठवली, मी पेट्या पाठवल्या. ‘मी’ तोच, पण क्रियापद कुणाच्या मागं चाललंय? पेटीच्या. आपण जन्मापासून भूतकाळात मालाच्या तालावरच क्रियापद नाचवतो. शाळेत त्याला कर्मणी प्रयोग म्हणून घोकलंही, पण मराठीच्या तासाचा इंग्रजीच्या तासाशी संबंध असतो हे आपल्याला कुणी सांगितलंच नव्हतं. फरक एवढाच की मराठीत ‘मी’ तिथंच बसून राहतो आणि इंग्रजी पॅसिव्हमध्ये तो वाक्यातनं उठून जातो. आमच्या लोडिंगच्या कन्नडवाल्या पोरांचं तर वेगळंच. पुस्तकी कन्नडमध्ये पॅसिव्ह आहे, पण बोलताना कोण वापरत नाही. ती म्हणणार ‘माल कळस्यार’, म्हणजे ‘पाठवलाय त्यांनी’. हे ‘त्यांनी’ म्हणजे कोण, विचारायचं नाही. तुझ्या वर्गात हुक्केरी-संकेश्वरकडची पोरं असतील तर त्यांना हेच सांग : तो न दिसणारा ‘त्यांनी’ काढून टाका, झाला पॅसिव्ह.

आणि सरकारी मराठी तर आपल्या सीमाभागातल्या माणसाला पाठच आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव म्हैसूर राज्यात समाविष्ट करण्यात आलं. १ नोव्हेंबर २०१४ पासून त्याचं नाव बेळगावी करण्यात आलं. करण्यात आलं, करण्यात आलं! आमचे आजोबा पेपर वाचताना ह्या दोन शब्दांवर थांबून चष्म्यावरनं बघायचे. ते इंग्रजी शिकले नव्हते, पण पॅसिव्ह त्यांना आपल्या दोघांच्या आधी कळला होता. असो, ह्यावर लिहायला बसलो तर रजिस्टर पुरणार नाही.

नम्रपणाचं एक अंग आहे, ते जरूर शिकव. ‘यू हॅव नॉट सेंट द पीओडी’ (पीओडी म्हणजे माल पोचल्याची पावती) असं लिहिलं की समोरचा चिडतो. ‘द पीओडी हॅज नॉट बीन रिसीव्ह्ड’ लिहिलं की संध्याकाळपर्यंत सहीशिक्क्याचा कागद येतो. पेमेंटचंही तसंच. पण इथंच पोरांना सावध कर, कारण ह्याच गोडव्यानं मी एक माती खाल्ली. तुला अजून सांगितलं नव्हतं.

मागच्या पावसाळ्यात चाकणला १४ पेट्या पाठवायच्या होत्या. मोजायला मी उभा होतो. मध्येच मालकांचा फोन आला, तो ऐकत ऐकत एलआरवर १४ लिहून सही केली. तिकडं पोचल्या १२. स्टोअरवाल्यानं पीओडीवर लिहिलं, ‘टू बॉक्सेस रिसीव्ह्ड शॉर्ट’, आणि ड्रायव्हरमामाची सही घेतली. मी झोकात मेल टाकली, ‘टू बॉक्सेस वेअर फाउंड शॉर्ट अपॉन अनलोडिंग. द मॅटर इज बीइंग इन्व्हेस्टिगेटेड.’ मालक खूश. किती सभ्य वाक्य! त्यात मी नाही, मालक नाही, कुणीच नाही. ट्रान्सपोर्टवाल्यानं ती मेल वाचली आणि मामांच्या भाड्यातनं ३,००० रुपये कापले.

चार दिवसांनी पाऊस उघडला, शॉट ब्लास्टिंगच्या शेडमागची ताडपत्री काढली, आणि खाली दोन पेट्या. माझ्याच हस्ताक्षरातल्या चिठ्ठ्या लावलेल्या.

मामा पुढच्या फेरीला आले तेव्हा मी त्यांना चहाला बसवून सगळं सांगितलं. मेल मोबाइलवर उघडून दाखवली. त्यांना इंग्रजी येत नाही, मराठी-कन्नड दोन्ही येतं. स्क्रीनकडं बघत त्यांनी विचारलं, ‘ह्यात माझं नाव हाय काय?’ म्हटलं, ‘नाही मामा.’ ‘तुमचं हाय?’ म्हटलं, ‘नाही.’ थोडा वेळ चहाच्या पेल्यात बघून म्हणाले, ‘मग पैसे माझेच कसं कापलं?’

मला उत्तर देता आलं नाही. त्याच दुपारी चाकणला आणि ट्रान्सपोर्टला दुसरी मेल लिहिली. पहिल्या खर्ड्यात लिहिलं होतं, ‘टू बॉक्सेस वेअर नॉट लोडेड बाय अस.’ मालकांनी शेवटचे दोन शब्द खोडले. म्हणाले, बाकी ठीक आहे. मी जागेवर परत आलो, सगळं वाक्य पुसलं आणि लिहिलं, ‘आय मिसकाउंटेड. आय डिड नॉट लोड टू बॉक्सेस. द ड्रायव्हर इज नॉट रिस्पॉन्सिबल.’ चौथीतल्या पोराचं इंग्रजी. पाठवून टाकली. मालक दोन दिवस बोलले नाहीत. ट्रान्सपोर्टवाल्यानं २,००० परत केले, १,००० मी घातले. पर्चेसच्या बाईंचं एका ओळीचं उत्तर आलं, ‘नोटेड, थँक्स, पेट्या पुढच्या गाडीनं पाठवा.’ बस, एवढंच. ज्याला मी घाबरत होतो ते एवढंच निघालं.

तेव्हापासून मामांची गाडी लागली की ते फाळक्याजवळ उभे राहून मोठ्यानं मोजतात, ‘ओंदु, एरडु, मूरु...’ आणि मी मराठीत लिहितो. शेवटचा आकडा जुळला की दोघं एकमेकांकडं बघतो, मगच सही. फोन आला तर वाजू देतो.

तर पुढच्या शनिवारी तुझ्या पोरांना घेऊन चार वाजता ये. त्या वेळी पुण्याची गाडी भरत असते. एलआर, ई-वे बिल, पीओडी सगळं हातात देतो, पाच खण रजिस्टरवर दाखवतो. फक्त आधी त्यांच्याकडनं एक वाक्य लिहून आण : काल रात्री क्लासची चावी हरवली. त्याचं इंग्रजी कोण कसं करतो ते मला बघायचंय. तूही लिही. चावी तुझ्याच खिशात होती असं वहिनी सांगत होत्या.

येताना चंदगडचे काजू आण, कुंदा मी घेऊन ठेवतो.

तुझाच,
शेवटच्या बाकावरचा