सोळा तासांचं शिक्षण आणि ९६० पानांची रात्र: वैद्यकीय शिक्षण मंत्र्यांना खुलं पत्र

मा. वैद्यकीय शिक्षण मंत्री, महाराष्ट्र राज्य,

सादर नमस्कार.

मी सांगलीची. गेली बारा वर्षं एका खाजगी रुग्णालयाच्या स्लीप लॅबमध्ये, म्हणजे पेशंटची झोप तपासणाऱ्या प्रयोगशाळेत, रात्रपाळी करते. साडेआठला पेशंट येतो. नाकाच्या मुळापासून डोक्याच्या मागच्या उंचवट्यापर्यंत टेप लावून मी माप घेते, दहा-वीस टक्क्यांच्या हिशेबाने खुणा करते, केस बाजूला सारून कातडी घासते आणि मेंदूच्या लहरी टिपणारे इलेक्ट्रोड पेस्टने चिकटवते. मग डोळ्यांच्या कडेला, हनुवटीखाली, नडगीवर, छातीवर. नाकाखाली हवेचा सेन्सर, छाती-पोटाला पट्टे, बोटाला ऑक्सिजनची क्लिप. यात पाऊण तास जातो. दिवा मालवला की शेजारच्या खोलीत स्क्रीनपुढे बसायचं, ते पहाटे सहापर्यंत. आठ तासांची झोप तीस-तीस सेकंदांच्या तुकड्यांत वाचायची, म्हणजे ९६० पानं. प्रत्येक पानावर ठरवायचं, माणूस झोपेच्या कुठल्या टप्प्यात आहे आणि त्याचा श्वास नीट चालू आहे का.

हे मला कुठल्याही कॉलेजने शिकवलं नाही. बी.एस्सी. करून मी ईसीजी काढायला लागले होते. लॅब सुरू झाली तेव्हा यंत्र विकणाऱ्या कंपनीचा माणूस दोन दिवस आला आणि कुठली वायर कुठे लावायची ते दाखवून गेला. तिसऱ्या रात्री पेशंट माझ्या हवाली.

पहिल्याच वर्षी एकदा नाकाखालचा सेन्सर सरकला. हवेची रेषा सपाट झाली आणि श्वास थांबला असं धरून मी तास-दीड तास मोजत राहिले. सकाळी डॉक्टरांनी पाहिलं, तर ऑक्सिजन जराही उतरलेला नव्हता. मी लिहिलेला रिपोर्ट तसाच गेला असता तर त्या माणसाला गरज नसताना झोपेत मास्कमधून हवा देणारं मशीन घ्यावं लागलं असतं. फसगत आणखीही एका ठिकाणी होते. घसा मिटल्यामुळे श्वास अडतो तेव्हा छाती-पोट ओढत राहतात; मेंदूकडून हुकूमच सुटत नाही तेव्हा पट्ट्यांच्या रेषाही थांबतात. दोन्हींचे उपचार वेगळे आहेत. हा फरक पहाटे चार वाजता, पेंगुळल्या डोळ्यांनी, बरोबर ओळखायचा असतो. तो ओळखायला मला दोन वर्षं लागली, आणि ती दोन वर्षं मी पेशंटांवर शिकले. हे लिहिताना आजही जिवाला लागतं.

साहेब, संलग्न आरोग्यसेवा व्यवसायांसाठीचा, म्हणजे तंत्रज्ञ-थेरपिस्ट वगैरेंसाठीचा, केंद्राचा कायदा २०२१ साली झाला. त्याच्या परिशिष्टात ईईजी (मेंदूच्या लहरींचा आलेख) आणि न्यूरो लॅबच्या तंत्रज्ञांबरोबर स्लीप लॅब तंत्रज्ञाचंही नाव आहे. अशा व्यावसायिकाने किमान दोन वर्षांत पसरलेलं किमान २००० तासांचं शिक्षण घ्यावं, असं तो कायदा म्हणतो. माझ्या वाट्याला आले सोळा तास. कायदा होऊन तीन वर्षं उलटली तरी हालचाल दिसेना, म्हणून ऑगस्ट २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयाला केंद्राला आणि राज्यांना मुदत घालून द्यावी लागली. नावं कागदावर आली. त्या नावांना साजेशी बाकं, फळा आणि रात्रीची प्रात्यक्षिकं कुठे आहेत, हे विचारायला मी हे पत्र लिहिते आहे.

मी फक्त माझ्या लॅबपुरतं बोलत नाही. २०१९ साली माझ्या वडिलांना अर्धांगवायू झाला. त्यांच्या घोरण्याकडे घरात कोणी कधी लक्ष दिलं नव्हतं, मीसुद्धा नाही. स्ट्रोक झालेल्यांत निम्म्याहून अधिक जणांना झोपेत श्वास अडण्याचा त्रास सापडतो, हे मला पाठ होतं, तरीही. घरी आल्यावर फिजिओथेरपिस्ट मॅडम आठवड्यातून दोनदा यायच्या. उरलेले दिवस एक मदतनीस पोरगा यायचा. गुणी, कष्टाळू, पण त्याला कोणी काही शिकवलेलं नव्हतं. अण्णांना उठवताना तो त्यांचा लुळा हात धरून ओढायचा. अशा हाताचा खांदा ओढल्याने निखळतो, ही फिजिओथेरपीतली अगदी पहिली शिकवण. तीन आठवड्यांत खांदा उतरला. पुढे वर्षभर अण्णा हात हलवला की कळवळायचे. त्या पोरावर मी कधी रागावू शकले नाही, कारण मीही त्याच्यासारखीच शिकले होते.

फिजिओथेरपिस्ट सगळीकडे रोज पोचू शकत नाहीत, त्यामुळे मदतनीस लागणारच आहेत. मग त्यांना वर्ष-दोन वर्षांचं शिक्षण द्या: पेशंटला कसं उठवायचं, कसं वळवायचं, कुठे थांबून मॅडमना फोन करायचा. मुंबईत पोलिओची साथ आली होती, तेव्हा इथल्या सरकारने हात-पाय गाळले नव्हते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने १९५३ साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात फिजिओथेरपीची शाळा निघाली, देशातली पहिली. त्याच्या तीन वर्षं आधी तिथेच कमला निंबकरांनी ऑक्युपेशनल थेरपीची, म्हणजे पेशंटला रोजची कामं पुन्हा करायला शिकवणाऱ्या उपचाराची, शाळा उघडली होती. गरज दिसली आणि शाळा काढली.

खांद्याइतकंच अण्णांचं मनही उतरलं होतं. भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे, व्यायामाला नाही म्हणायचे. आम्ही त्याला हट्ट समजलो. स्ट्रोकनंतर साधारण तिघांपैकी एकाला नैराश्य गाठतं. बोलायला माणूस हवा होता, आम्हाला तो सापडला नाही. लॅबमध्येही तेच बघते. मास्क लावला की जीव गुदमरतो म्हणून पेशंट मशीन कपाटात ठेवून देतात. जुन्या निद्रानाशावर गोळ्यांच्या आधी वर्तनोपचार, म्हणजे झोपेच्या सवयी आणि विचार बदलायला शिकवणारे उपचार, द्यावेत, असं वैद्यकशास्त्र सांगतं, पण ते देणार कोण? दूरशिक्षणाने आणि ऑनलाइन मानसशास्त्र शिकवणं २०२५च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून यूजीसीने थांबवलं. पेशंटसमोर बसल्याशिवाय हे काम येत नाही, तेव्हा निर्णय मला पटतो. पण आमच्या जिल्ह्यातल्या जत-आटपाडीच्या ज्या मुलींना तोच एक रस्ता होता, त्यांच्या जवळ प्रत्यक्ष शिकवणारं कॉलेज आणि प्रात्यक्षिकाला दवाखाना आता तुम्ही द्यायला हवा.

शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत छातीविकार विभाग आहेत, कान-नाक-घसा आहे, मेंदूविकार आणि मानसोपचारही आहेत. तिथे दोन-दोन खाटांची स्लीप लॅब काढा आणि तिच्याभोवती नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा अभ्यासक्रम बांधा. त्यात रात्रीचे तास मोजून घ्या, विद्यावेतन द्या, पुस्तकं मराठीतही काढा. रात्री एका तंत्रज्ञावर दोनाहून जास्त पेशंट नकोत. बाई ड्युटीवर असेल तर सोबतीला आणखी एक माणूस हवा. बंद मजल्यावर अनोळखी पुरुष पेशंटबरोबर एकटीने किती रात्री काढल्या, ते मी आईला कधी सांगितलं नाही. आणि आम्ही जे आधीपासून या कामात आहोत, त्यांना घरी बसवू नका. आमची परीक्षा घ्या, कमी पडलो तर सहा महिने शिकवा, मग नोंदणी द्या.

माझ्याकडे बारा वर्षांच्या वह्या आहेत. कुठला सेन्सर कसा फसवतो, कुठल्या रेषेवर मी चुकले, पेशंटला काय सांगितलं की तो मास्क लावून झोपतो, सगळं मराठीत लिहिलेलं आहे. अभ्यासक्रमाची समिती बसेल तेव्हा बोलवा. रात्रपाळी संपवून सकाळच्या गाडीने मी येईन.

आपली,
एक स्लीप लॅब तंत्रज्ञ, सांगली