फ्रिजचा गॅस ‘संपत’ नाही, हे आधी छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीतला फ्रिजवरचा लेख सकाळी वाचला आणि दिवसभर डोक्यातून गेला नाही. लेख सगळाच वाईट आहे असे माझे म्हणणे नाही. दाराच्या रबराबद्दल लिहिलेले अगदी योग्य आहे. दारात नोट अडकवून ओढायची, सहज निघाली तर रबर सैल झाले, ही खूण मीही अनेकांना सांगितली आहे. नवे रबर घेण्याआधी आहे तेच कोमट साबणपाण्याने पुसून बघावे, हेही बरोबर. पण दर दोन-तीन वर्षांनी गॅस भरून घ्यावा, असा जो सल्ला मधल्या रकान्यात आहे तो वाचून माझा संताप झाला. याच समजुतीपायी आमच्या आक्काचे साडेसहा हजार रुपये गेले.

मी शिवाजी उद्यमनगरात ३१ वर्षे लेथवर काम केले. फ्रिज दुरुस्ती हा माझा धंदा नव्हे. पण बंद नळीतला माल आपोआप कमी होत नाही, एवढे आमच्या शेडमधल्या नव्या पोरालाही कळायचे. फ्रिजचा गॅस म्हणजे स्कूटरमधले पेट्रोल नव्हे, पळाली की संपले. कॉम्प्रेसर तो दाबतो. मागच्या काळ्या जाळीत तो उष्णता सोडून पातळ होतो. नव्या फ्रिजमध्ये ही जाळी बाजूच्या पत्र्याआड असते, म्हणून कडेला हात लावला की गरम लागते, त्यात घाबरण्यासारखे काही नाही. तिथून तो फिल्टरमधून गाळून, मिलिमीटरहून बारीक भोकाच्या कॅपिलरीतून फ्रीजरच्या कॉइलमध्ये शिरतो, तिथे उकळतो, आतली उष्णता ओढून घेतो आणि परत कॉम्प्रेसरकडे येतो. तोच गॅस वर्षानुवर्षे फिरत राहतो. कमी झाला तर कुठेतरी गळतो आहे, दुसरा अर्थ नाही. आणि गळती न शोधता वरून गॅस भरणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी ओतणे.

आता आक्काचे सांगतो. वय ७४, शिवाजी पेठेत एकटी राहते, दोन वेळचे इन्सुलिन आहे. फ्रिज दोन दारांचा, फ्रॉस्ट-फ्री म्हणजे हिम आपोआप वितळवणारा, सहा वर्षांचा. एप्रिलमध्ये खालच्या कप्प्यातले दूध नासले. गंगावेशीतल्या कट्ट्यावरून आणलेले दूध, म्हणून आधी तिने दूधवाल्यालाच बोल लावला. दोन दिवसांत दही आंबून गेले, कोथिंबीर काळी पडली. वर फ्रीजरमध्ये मात्र बर्फ दगडासारखा. वाचकांनी एवढे शेवटचे लक्षात ठेवावे.

दुरुस्तीला मुलगा आला. दार उघडून आत हात घातला आणि पाच मिनिटांत म्हणाला, “मावशी, गॅस संपलाय बघा.” २,२०० रुपये. त्याने फ्रिज बंद करून दोन-तीन तास दारे उघडी ठेवायला लावली, आक्काला चहा टाकायला पाठवले, मागे काहीतरी खुडबुड केली. संध्याकाळी फ्रिज गार. नऊ दिवसांनी पुन्हा तेच. या वेळी बारीक गळती निघाली म्हणे, १,९०० रुपये. अकरा दिवस चालला. तिसऱ्या वेळी फिल्टर बदलून गॅस, २,४०० रुपये. मेच्या मध्यावर चौथ्यांदा आला आणि सांगितले, कॉम्प्रेसर गेला, साडेसात हजार लागतील, नाहीतर नवाच घ्या. तेव्हा कुठे आक्काने मला फोन केला. आधी का नाही सांगितलेस, तर म्हणे, “तुझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, तुला कुठं पळवायचं?”

हा सगळा महिना इन्सुलिनचे काय झाले हे सांगताना आजही माझा आवाज चढतो. न उघडलेल्या बाटल्या २ ते ८ अंश तापमानात ठेवायच्या असतात, आणि गोठूही द्यायच्या नसतात. चालू बाटली तिने देवघराच्या कोपऱ्यात ओल्या वाळूत मडके बसवून त्यात ठेवली. बाकीच्या फडक्यात गुंडाळून, स्टीलच्या डब्यात बाजूला बर्फ घालून शेजारच्या मुलाकरवी माझ्या घरी पाठवल्या, औषध आहे एवढेच कळवून. तो बर्फ त्याच फ्रिजच्या फ्रीजरमधला होता. ज्या यंत्रातला गॅस संपला म्हणून तीनदा पैसे घेतले, ते यंत्र बर्फ करत होते आणि हे त्या कारागिराच्या डोळ्यांसमोर होते.

माझा एक मित्र मोटर रिवायंडिंग करतो. त्याला मीटर घेऊन बोलावले. कॉम्प्रेसरला तीन पिना असतात. कॉमन म्हणजे सामाईक पिनेपासून दोन वाइंडिंगचे (तारेच्या गुंडाळ्यांचे) जे रीडिंग येते त्यांची बेरीज उरलेल्या दोन पिनांमधल्या रीडिंगइतकी आली पाहिजे आणि कुठलीही पीन बॉडीला लागता कामा नये. दोन्ही ठीक. चालू केला तर आवाज शांत, करंट बरोबर. कॉम्प्रेसर ठणठणीत होता. मग फ्रीजरच्या आतला मागचा पडदा चार स्क्रू काढून सोडवला, तर मागे कॉइल दिसेचना. बर्फाची भिंत झाली होती आणि पंख्याची पाती त्या बर्फाला घासत होती.

फ्रॉस्ट-फ्री फ्रिजमध्ये गारवा तयार होतो वर, आणि पंखा तो हवेच्या वाटेने खाली ढकलतो. कॉइलवर साचणारे हिम वितळवायला दर काही तासांनी कॉम्प्रेसर थांबतो आणि एक छोटा हीटर तापतो. पाणी नळीने खाली कॉम्प्रेसरवरच्या ट्रेमध्ये जाते आणि त्याच्याच उष्णतेने उडून जाते. हीटरच्या वाटेवर एक बायमेटल (तापमानानुसार हीटर जोडणारा-तोडणारा स्विच) आणि एक थर्मल फ्यूज (फाजील तापले तर उडणारा) असतो. आक्काच्या फ्रिजमधला फ्यूज उडाला होता. हीटर तापत नव्हता, हिम वाढत गेले, हवेची वाट बुजली. म्हणून वर बर्फ आणि खाली दूध नासलेले. गॅस खरोखर गेला असता तर फ्रीजरही ढिला पडला असता. तो मुलगा दारे उघडून फ्रिज बंद ठेवायचा तेवढ्यात बर्फ थोडा सुटायचा, वाट मोकळी व्हायची, नऊ-अकरा दिवसांत भिंत पुन्हा उभी. फ्यूज आणि बायमेटलचा सेट ४५० रुपये. मित्र पैसे घेत नव्हता, बळेच ४०० दिले. एकूण ८५० रुपयांत फ्रिज चालू झाला आणि आजतागायत चालू आहे.

पुढचे ऐका. फ्रिजवरच्या पट्टीवर लिहिले आहे आर-६००ए, ५२ ग्रॅम. छटाकभरही नाही! इतका कमी गॅस काट्यावर मोजूनच भरावा लागतो आणि त्याआधी व्हॅक्यूम पंप लावून नळ्या कोरड्या कराव्या लागतात. आक्काने काटा पाहिला नाही, पंपही पाहिला नाही. आम्ही कॉम्प्रेसरची चार्जिंगची, म्हणजे गॅस भरायची नळी पाहिली. तिचे टोक कंपनीतून चेपून बंद केलेले तसेच होते. त्यावर व्हॉल्व्ह नाही, नवा जोड नाही, फिल्टरला डाग दिल्याची खूण नाही. म्हणजे तीन वेळा पैसे घेतले आणि गॅस एकदाही भरला नाही. एका परीने बरेच झाले म्हणतो, कारण हा गॅस म्हणजे आयसोब्युटेन, स्वयंपाकाच्या सिलिंडरमधल्या गॅसचाच भाऊबंद, पेट घेणारा. शेगडीपासून चार हातांवर असल्या माणसाने नळी उघडली असती तर काय झाले असते?

आता तुमच्या लेखासोबतचा खर्चाचा तक्ता. पहिली ओळ गॅस, शेवटची ओळ कॉम्प्रेसर, मध्ये थर्मोस्टॅट आणि दाराचे रबर. बायमेटल नाही, फ्यूज नाही, हीटर नाही, आतला पंखा नाही. कॉम्प्रेसर सुरू करून देणारा रिले आणि तो फार तापला की वीज तोडणारा ओव्हरलोडही नाही, आणि हे दोन सर्वांत जास्त फसवणारे. फ्रिज ‘टिक’ करून थांबतो, पुन्हा काही मिनिटांनी ‘टिक’, चालू काही होत नाही, की लगेच कॉम्प्रेसर गेला म्हणून सांगतात. पुष्कळ वेळा रिले किंवा ओव्हरलोड गेलेला असतो. मी लक्ष्मीपुरीत चौकशी केली तेव्हा दोन्ही मिळून ३०० रुपयांच्या आत सांगितले. कधी तर काहीच गेलेले नसते. लाईट जाऊन लगेच आली की नळ्यांमधला दाब उतरलेला नसतो आणि कॉम्प्रेसर उठत नाही. बटण बंद करून पाच मिनिटे थांबावे. तक्त्यात ही स्वस्तातली कामे नसतील तर वाचक समजणार की फ्रिज बिघडला म्हणजे दोन हजारांपासून पुढे. कारागिरालाही तेच हवे असते.

कोल्हापुरात चांगले मेकॅनिक नाहीत असे कुणी समजू नये. मीटर लावल्याशिवाय तोंड न उघडणारे आहेत, जुना पार्ट हातात आणून देणारे आहेत. त्यांचे पोट या ‘गॅस संपला’वाल्यांमुळे मारले जाते.

आक्काकडे तिन्ही वेळचे बिल नाही. एका कार्डाच्या मागे पेनाने ‘गॅस चार्ज’ आणि रक्कम, इतकेच. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सेवेचे बिल न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा धरली आहे. जिल्हा आयोगात ५ लाखांपर्यंतच्या तक्रारीला फी लागत नाही, १९१५ हा राष्ट्रीय हेल्पलाइनचा नंबर आहे. हे लेखात दोन ओळींत बसले असते. मी तक्रार करू म्हटले तर आक्काच अडून बसली. “जाऊंदे रं, पोटासाठी करतंय ते पोरगं.” पैसे तिचे, म्हणून मी गप्प बसलो. पण त्या कारागिराच्या नंबरवर चार दिवस फोन लावत होतो. फोन बंद.

तो नंबर आक्काला मिळाला कुठे, तर आपल्याच दैनिकातल्या छोट्या जाहिरातीत. ‘सर्व कंपन्यांचे फ्रिज, अधिकृत सेवा, घरपोच’. पत्ता नाही, दुकानाचे नाव नाही, फक्त मोबाइल नंबर. सर्व कंपन्यांची अधिकृत सेवा एकाच माणसाकडे कशी असेल, हा प्रश्न जाहिरात घेणाऱ्याला पडायला हवा होता. आक्का ४० वर्षे आपला पेपर घेते. पेपरात छापून आले आहे म्हणजे खरे असणार, असे मानणारी ती पिढी आहे. जाहिरातीचे पैसे घेताना निदान दुकानाचा पत्ता तरी घ्या आणि तो छापा.

माझी विनंती एवढीच. पुढच्या रविवारी त्याच पानावर, त्याच जागी दुरुस्ती छापावी. गॅस ठरावीक वर्षांनी भरायचा नसतो. वर बर्फ होतो आणि खाली गारवा नाही, असे असेल तर आधी फ्रिज रिकामा करा, बटण बंद करा आणि एक दिवस दारे उघडी ठेवा. त्यानंतर काही दिवस नीट चालून पुन्हा तोच त्रास झाला, तर कारागिराला ‘डीफ्रॉस्ट तपास’ म्हणून सांगा. आणि कुणी गॅसच भरायचा म्हणाला तर गळती कुठे आहे ती दाखव, काटा दाखव, पंप दाखव म्हणा. दुरुस्ती तळाशी बारीक अक्षरांत नको. आक्का पुरवणी भिंग घेऊन वाचते, आणि काल तिने तो गॅसचा रकाना पेनाने खूण करून ठेवला आहे, दोन वर्षांनी लक्षात राहावे म्हणून.

आपला,
एक जुना वाचक (निवृत्त टर्नर)
मंगळवार पेठ, कोल्हापूर