'यू' ठेवायचा की गाळायचा?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

सातवीत शिकणाऱ्या माझ्या नातीने गेल्या महिन्यात शाळेसाठी संगणकावर एक इंग्रजी निबंध लिहिला. 'कलर' हा शब्द तिने पाठ्यपुस्तकात असतो तसा 'यू'सह लिहिला, तर त्याखाली लाल रेघ उमटली. तिने 'यू' गाळला, रेघ गेली; आणि निबंध तपासून आला तेव्हा नेमक्या त्याच शब्दाभोवती बाईंनी लाल शाईने गोल काढलेला होता. 'आजोबा, यांतले बरोबर कोण?' हा तिचा प्रश्न आता इंटरनेटवर इंग्रजीत लिहिणाऱ्या प्रत्येकाचाच झाला आहे, म्हणून हे पत्र.

रूपे दोन्ही शुद्धच आहेत; 'यू' असलेले ब्रिटिश, 'यू' नसलेले अमेरिकन. सतराव्या शतकात खुद्द इंग्लंडमध्येही अशा शब्दांची 'यू'सह आणि 'यू'विना, अशी दोन्ही रूपे छापली जात. सॅम्युअल जॉन्सन यांच्या १७५५ च्या कोशाने 'यू' असलेल्या रूपाला वजन दिले, तर अमेरिकेत नोहा वेबस्टर यांनी १८२८ च्या कोशात तो गाळला. वेबस्टर यांच्या सगळ्याच सूचना काही अमेरिकेने स्वीकारल्या नाहीत. जिभेसाठीचा 'टंग' हा शब्द त्यांना 'टीयूएनजी' एवढाच हवा होता, तो रुजला नाही.

आपल्याकडे घट्ट बसलेला एक समज मात्र चुकीचा आहे. 'ऑर्गनायझेशन'मध्ये 'झेड' दिसला की ते अमेरिकन, असे आपण धरून चालतो. (गंमत अशी की या अक्षराला अमेरिकन माणूस 'झेड' म्हणतच नाही, 'झी' म्हणतो.) प्रत्यक्षात ऑक्सफर्डचा कोश अशा शब्दांत मूळ ग्रीक प्रत्ययाला धरून 'झेड'च पसंत करतो आणि संयुक्त राष्ट्रसंघही तीच पद्धत पाळतो. त्यामुळे आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या इंग्रजी नावात 'लेबर' 'यू'सह आणि 'ऑर्गनायझेशन' 'झेड'ने, असे दोन्ही एकत्र नांदते. याउलट 'अ‍ॅनलाइज' या क्रियापदात ऑक्सफर्डही 'एस'च लिहिते, कारण त्याची व्युत्पत्ती वेगळी आहे.

मग लिहिताना काय करावे? माझ्या मते मजकूर कोणासाठी आहे आणि कशाबद्दल आहे, यावरून निवड करावी आणि एकदा केलेली निवड शेवटपर्यंत पाळावी. भारतातील कायद्याबद्दल लिहिताना १९८८ च्या मोटार वाहन कायद्यातला 'लायसन्स' नामाच्या ब्रिटिश रूपात, म्हणजे दुसऱ्यांदा 'सी' घेऊनच लिहावा. अमेरिकेतील विद्यापीठाला अर्ज करणाऱ्याने खुशाल अमेरिकन रूपे वापरावीत. विशेषनामे मात्र आपल्या पद्धतीत बसवू नयेत. 'पर्ल हार्बर'मध्ये 'यू' घालणे आणि ब्रिटनच्या मजूर पक्षाच्या नावातला 'यू' काढणे, या दोन्ही चुकाच. ऑस्ट्रेलियात एरवी ब्रिटिश वळण असले, तरी तिथला मजूर पक्ष आपले नाव 'यू'शिवाय लिहितो. दुसऱ्याचे वाक्य अवतरणात देतानाही त्याचे स्पेलिंग तसेच ठेवावे. संगणकाच्या आज्ञावलीला तर ब्रिटिश लेखकही शेवटी 'एमई' नसलेला आखूड 'प्रोग्रॅम'च लिहितात, तिथे लांब रूपाचा हट्ट नको.

राहिली ती लाल रेघ. ती अनेकदा एवढेच सांगते की संगणकाची भाषा 'इंग्रजी (अमेरिका)' अशी ठेवलेली आहे. सेटिंगमध्ये 'इंग्रजी (भारत)' हा पर्यायही असतो. नातीला तो निवडून दिल्यावर 'कलर'खालची रेघ गेली. संगणकावर लिहून आणायचे प्रकल्प देताना शाळांनी कोणती पद्धत अपेक्षित आहे ते सूचनांमध्येच एका ओळीत छापावे, आणि ती ओळ नसेल तर अशा शब्दांचे गुण कापू नयेत, एवढी विनंती आपल्या वृत्तपत्रातून त्यांच्यापर्यंत पोहोचावी.

आपला,
एक निवृत्त इंग्रजी शिक्षक, सातारा