गोव्यातल्या माजोर्ड्याच्या, व्हायोलिनवादक आणि संगीतरचनाकार अँथनी गोन्साल्विस सरांना

प्रिय अँथनी सर,
सप्रेम नमस्कार.

आपली भेट कधी झाली नाही. २०१२ मध्ये तुम्ही गेलात. तरी हे पत्र तुम्हालाच लिहायचं होतं.

मी मांडी घालून व्हायोलिन शिकले, तारा सा-प-सा-प अशा लावून. हल्ली आमच्या व्हायोलिनवृंदात खुर्चीवर बसून, समोर नोटेशन, म्हणजे लिहिलेली स्वरलिपी, ठेवून वाजवते. मध्यंतरी वृंदासाठी वृंदावनी सारंग रागातली एक गत (वाद्यावरची बंदिश) लिहायला घेतली आणि पहिल्याच ओळीला अडले. कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे सूर, द्यायचा तर सा-ग-प हवं, आणि सारंगात गंधारच वर्ज्य! धैवतही नाही. शेवटी दुसऱ्या व्हायोलिनांना रिषभ धरून ठेवायला सांगितला, पहिल्यांना वर म-प-नी दिलं. मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, पेन्सिलीनं दाखवली: दोन सुरांमध्ये तिरपी रेघ, आणि गजाचा ओघ तोडू नये म्हणून वरून कमान. हे सगळं करण्याचा धीर आला, कारण सारंगावर अख्खा कॉन्चेर्टो (एकल वाद्य आणि ऑर्केस्ट्रासाठीची मोठी रचना) लिहिणारा तुमच्यासारखा माणूस आपल्याकडे होऊन गेला हे ठाऊक होतं.

तुमचे वडील चर्चमधले कॉयर मास्टर, म्हणजे गायकवृंदाचे प्रमुख, त्यामुळे नोटेशन घरातच. १९४३ मध्ये तुम्ही मुंबईत नौशादसाहेबांच्या ताफ्यात व्हायोलिन वाजवू लागलात. संगीतकार चाल गाऊन दाखवणार, गोव्याचे वादक ती कागदावर उतरवणार, वाद्यांचे भाग पाडणार, आणि रेकॉर्डवर त्यांचं नाव नाही. मला याचा अजूनही राग येतो. तुम्ही मात्र १९५८ मध्ये याच स्टुडिओंतल्या वादकांना घेऊन इंडियन सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केलात, मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजच्या प्रांगणात. लताबाई आणि मन्ना डे तुमच्या ऑर्केस्ट्रासोबत गायले. नेहमी पडद्यामागे असणारी माणसं त्या दिवशी लोकांना दिसली. तुमच्या सगळ्या कामात मला हे सर्वांत मोठं वाटतं.

लक्ष्मीकांत-प्यारेलाल या संगीतकार जोडीतले प्यारेलालजी तुमचे शिष्य. १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’तल्या गाण्यात त्यांनी गुरूचं नाव घातलं आणि ते गल्लोगल्ली पोचलं. नाव सगळ्यांना पाठ आहे. ते कोणाचं, हे मी आमच्या वृंदातल्या मुलांना आवर्जून सांगते.

सर, रागाला स्वरलिपीत आणि वादकाला मंचावर जागा करून दिलीत. मनापासून आभार.

तुमची,
दुसऱ्या रांगेतली एक व्हायोलिनवादक